बाकी एक

सरोवराकाठच्या शाळेत आवुओरबाई भागाकार शिकवत होत्या. चोवीस मासे, सहा होड्यांत वाटायचे. "सहा चोक चोवीस. बाकी शून्य."

मुलांनी नाकं दाबली. फळ्यावर शून्याच्या जागी ओलसर एक उमटला होता आणि सडक्या मासळीची घाण सुटली होती.

"शी! कुणाचा हा चावटपणा?" बाईंनी सवयीनं बोट चाटून तो एक पुसला, शून्य काढलं. एक पुन्हा उमटला. त्यांनी पुन्हा बोट चाटलं.

"बाई, नका ना!" अकेयो रडकुंडीला आली. "वाटून उरलेला मासा आम्ही पाण्याला परत देतो. त्याला कुणी तोंड लावत नाही."

"गप्प बस, खुळे!"

बाईंनी एक पुसून शून्य काढलं. या खेपेला ते टिकलं. घाणही गेली.

"बघ, संपला की नाही?" म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, तर जिभेखाली काहीतरी गार, बुळबुळीत वळवळलं.