दुसरी खिडकी

चहाच्या सुट्टीचा भोंगा वाजला आणि भामा कँटीनच्या दाराशी येऊन उभी राहिली. कँटीनमध्ये चहाची दुसरी खिडकी आज पहिल्यांदाच उघडली होती, आणि ती तिच्या गणिताने उघडली होती.

चहाच्या सुट्टीत रांग हलत नाही, पंप जोडणारी माणसं उशिरा परततात, अशी कारखान्याचे मॅनेजर हणमंतराव यांची तक्रार होती. कुसुमताई कॉलेजात विद्यार्थ्यांना असलेच प्रश्न सोडवायला शिकवायच्या. आधी कारखान्यात जाऊन बघा, मग गणित मांडा, मग ते खरं ठरतं का ते पुन्हा तिथेच जाऊन बघा. त्यांच्या वर्गातल्या भामाने रांगेचं गणित मांडलं. उत्तर आलं, दोन खिडक्या. प्रयोग जमला तर हणमंतराव तिला उन्हाळ्यात इथे कामाला घेणार होते. अंबरपेठेतल्या अख्ख्या गल्लीला तिने ते आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे माघारीची सोय नव्हती.

माणसं आली आणि सगळीच्या सगळी पहिल्या खिडकीपुढे उभी राहिली. दुसऱ्या खिडकीतला चहावाला "इधर खाली है भाई" असं ओरडून ओरडून दमला, आणि शेवटी त्याने स्वतःलाच एक कप ओतून घेतला.

"काय गं हे?" हणमंतराव म्हणाले. "तुझं गणित यांच्या कानावर घातलं नाहीस वाटतं?"

भामाचा चेहरा पडला. ती शेजारी उभ्या असलेल्या कुसुमताईंकडे वळली. "मॅडम, पूरा चेक केलं होतं मी. कागदावर बरोबर येतंय ना."

"मग कागदात काय बघतेस?" कुसुमताई म्हणाल्या. "रांगेत जाऊन विचार."

भामा रांगेच्या शेवटी गेली. "भय्या, उधर खाली है. इधर काइकू खडे?"

शेवटी उभा असलेला नरसिंहलू हसला आणि त्याने पुढच्याच्या पाठीवर थाप मारली. "उधर गए तो चाय मिलती अम्मा, सुब्बाराव नहीं मिलता. ये एक तारीख से विजयवाडा जारा. इसका शेड अलग, मेरा अलग. मिलते तो इधरिच."

राज्याची वाटणी होऊन विजयवाडा पलीकडच्या राज्यात गेलं होतं, आता कारखान्याची वाटणी चालली होती. अर्धी यंत्रं पलीकडे, अर्धी माणसं पलीकडे.

भामा परत आली. सवय नाही सर, हळूहळू जातील, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. तिला मोहही झाला.

"सर, मॉडेल चुकलं माझं," ती म्हणाली. "रांगेत माणसं कंटाळतात असं मी धरून चालले. ही कंटाळतच नाहीत. दहा खिडक्या उघडल्या तरी इथेच उभी राहतील."

"म्हणजे प्रयोग फसला?"

"हौ सर." तिला रडू यायचंच बाकी होतं. कुसुमताईंना मात्र इतका आनंद झाला की तो लपवता येईना. वर्षभर घसा कोरडा करून जे शिकवलं, ते पोरीने भर कँटीनमध्ये सांगून टाकलं होतं.

"थांबा, मीच हाकलतो एकेकाला," म्हणत हणमंतराव तरातरा रांगेकडे निघाले.

रांगेत हिशेब खात्यातले मूर्तिगारू उभे होते. ते आणि हणमंतराव वर्षानुवर्षं एकाच स्कूटरवर कामावर येत. मूर्तिगारूही पलीकडे चालले होते. हणमंतरावांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मूर्तिगारूंनी जरा सरकून त्यांना जागा करून दिली.

मॅनेजर काही परत येईनात. शेवटी भामाच त्यांच्याजवळ गेली. "सर, मी जाऊ?"

"सोमवारपासून कामाला ये," ते म्हणाले. "चुकलेलं दुरुस्त कोण करणार? पण घाई नको. जे काय बदलायचं ते एक तारखेनंतर."

एव्हाना दोघं खिडकीपाशी पोचले होते. हणमंतरावांनी मागच्याला पुढे जायला सांगितलं. मग मूर्तिगारूंनी त्याच्या मागच्याला.