सांध्यावरचं कुंकू

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी विमान धावपट्टी सोडून वर गेलं. पुढच्या सीटवर राजनंदिनी होती, मागे तिच्या प्रशिक्षक पंकजा मॅडम. कसरतींचा हा तिचा पहिला धडा. हनुमंत हँगरच्या दारात उभा राहून पाहत होता. विमान त्यानंच तपासलं होतं आणि आत बसलेली मुलगीही त्याचीच होती. ती जरा गप्प दिसली तेव्हा मॅडमनी तिला चिडवलं होतं, बापानं नट आवळलेलं विमान कुणाच्या नशिबी असतं?

कोपरगावच्या पुढं, उसाच्या रानात असलेल्या त्या लहानशा फ्लाइंग क्लबकडे अशी दोनच विमानं होती. दोन्ही पस्तीस वर्षांची, एकाच वेळी आणलेली.

आठ एकोणतीसला मुख्य इंजिनिअर नृसिंह देशपांडे यांना फोन आला. दुसऱ्या एका राज्यात याच जातीच्या विमानाचा पंख कसरत करताना हवेतच तुटला होता. आतले दोघेही गेले होते. पंख धडाला जिथं जोडलेला असतो, त्या सांध्यात जुनी भेग निघाली होती. वर रंग होता म्हणून ती कुणाला दिसली नव्हती.

देशपांड्यांनी लगेच रेडिओवरून कसरती थांबवायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दोन उभे वळसे घेऊन झालेत. देशपांड्यांनी त्यांना सरळ आणि सावकाश उडत राहायला सांगितलं आणि ते हँगरमधल्या दुसऱ्या विमानाकडे धावले. हनुमंतनं त्याच्या सांध्यावरचा रंग खरवडून काढला. घाईत पातं दोनदा निसटलं. उघड्या धातूवर देशपांड्यांनी तपासणीचं लाल द्रावण लावलं, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले आणि फडक्यानं पुसलं. भेग असती तर द्रावण तिच्यात शिरून बसलं असतं आणि पुसूनही लाल रेघ मागं राहिली असती.

रेघ नव्हती. धातू लख्ख होता.

देशपांडे स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा हसले. हे धड तर तेही धड, ते म्हणाले, दोघं एकाच वयाची, हनुमंता, आता तरी घाम पूस. मॅडमना तसं कळवावं म्हणून त्यांनी रेडिओचा माइक उचलला.

हनुमंत लाल झालेल्या फडक्याकडे पाहत होता. त्यानं देशपांड्यांचं मनगट धरलं.

क्लबात येण्याआधी तो साखर कारखान्यात फिटर होता. खंडेनवमीला तिथं कुंकू यंत्राच्या तोंडावर नाही, जिथं सगळ्यात जास्त भार येतो तिथं लावायची रीत होती. इथंही बाकीचे विमानाच्या नाकाला कुंकू लावत, तो मात्र पंखाच्या सांध्यावर ओलं कुंकू लावायचा. तीन महिन्यांपूर्वी, नवमीच्या संध्याकाळी, तो विमानं पुसायला बसला. एका सांध्यावर बोटभर लाल रेघ राहिली. चार वेळा पुसली, जाईना. दसऱ्याला पाहुणे येणार होते.

"साहेब, वर गेलंय त्याचं कुंकू पुसलंच न्हाई," तो म्हणाला. "मीच त्याच्यावर रंग मारला."

देशपांड्यांनी माइकचं बटण दाबलं आणि ऐकलेलं सगळं जसंच्या तसं वर सांगितलं. मग मॅडमनी रेघेची लांबी विचारली. दोघींच्या पाठीवर हवाई छत्र्या होत्या, विमान चार हजार फुटांवर होतं. उतरायचं तर वळणं, वारा, शेवटी चाकांचा दणका, हे सगळं त्याच सांध्यावर येणार होतं. उडी मारायची तर विमान खाली पडणार. खाली ऊसतोड कामगारांच्या राहायच्या कोप्या होत्या, आणि बायामाणसं कोयते घेऊन फडात उतरलेली होती.

रेडिओवर राजनंदिनीचा आवाज आला. "अण्णा, तुम्ही सांगा. उतरू का?"

या हातानं केलेलं काम परत बघावं लागत नाही, असं हनुमंत तीस वर्षं सांगत आला होता. त्यानं माइक दोन्ही हातांत धरला.

"उडी मार, नंदे. माझ्या कामावर इसंबू नको."

त्यानं माइक देशपांड्यांच्या हातात दिला आणि तो दारात गेला.

आठ छपन्नला विमानातून एक ठिपका सुटला आणि त्याच्यावर पांढरी छत्री उघडली. दुसरी उघडली नाही. देशपांडे दोघींची नावं आळीपाळीनं पुकारत होते. विमान कोप्यांना बगल देऊन गोदावरीच्या पात्राकडे वळलं होतं, म्हणजे आत कुणीतरी होतं. त्याचे दोन्ही पंख अजून जागेवर होते. छत्रीला कोण लटकलंय, ते एवढ्या लांबून ओळखू येत नव्हतं.