साधा की रेसचा?

“रेसचा क्लच टाकू की साधा?” मेकॅनिकने विचारलं. “रेसचा घट्ट धरतो, पण पेडल जड असतं. ट्रॅफिकमध्ये पाय भरून येतो.”

“साधाच टाका. धाकटा भाऊ गेला, त्याच्याबरोबर रेसही गेल्या. आता गाडी आईच चालवते, भाजी नाहीतर औषधं आणायला.”

त्याने जळून काळीनिळी पडलेली क्लचप्लेट माझ्यापुढे ठेवली. “ताई, भाऊ गेल्यानंतर ही मीच नवी बसवली होती. भाजी आणून प्लेट अशी जळत नाही.”

घरी आल्यावर आईला काही विचारायचा धीर झाला नाही. साधा क्लच टाकायला सांगितलाय, एवढंच म्हणाले. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचे हात थांबले.


“साधा नको गं. सुटताना गाडी मागे राहते, मग धाकट्याला गाठता येत नाही.”