झग्याची इस्त्री

दर पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा फडकला की माजी फौजी खेमराज बॉर्डरवरच्या गोष्टी सांगायचे आणि त्यांची रीना पहिल्या रांगेत मान ताठ करून बसायची. म्हणूनच या सुट्टीत तिनं नागपूरहून फौजेवरच्या जुन्या जर्मन विनोदी सिनेमाची सीडी आणली, शेजाऱ्यांनाही बोलावलं. भाषा कोणाला कळेना, पण साहेबाच्या बायकोच्या झग्याला इस्त्री करताना शिपायाची उडालेली तारांबळ पाहून सगळे हसून लोळले.

"हा कायचा शिपाई, बाबा? आपल्या फौजेत एक दिवस तरी टिकला असता का?" रीनानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

खेमराज तिच्याच कानापुरतं बोलले,

"टिकते ना, बेटा. कालर पयले करा लागते, नाहीतं मेमसाब तोंडावर फेकते."