मागचा आवाज

"पुसून टाक," इमास म्हणाली. "तिचा श्वाससुद्धा माझ्या गाण्यात राहता कामा नये."

स्टुडिओवाल्या ओमानने माउसवर हात ठेवला, पण काही केलं नाही. समोरच्या पडद्यावर गाण्याच्या रंगीत पट्ट्या एकाखाली एक पसरल्या होत्या. वर तंतुवाद्य, बासरी, ढोल. खाली गाणाऱ्यांचे आवाज. आज दुपारपर्यंत मिक्सिंग संपवून गाणं रेकॉर्ड कंपनीकडे धाडायचं होतं.

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती लिलिस मागच्या सोफ्यावर बसली होती. मांडीवर चिरेंगच्या तळलेल्या वड्यांची पुडी होती आणि ती अजून उघडलेली नव्हती. इमासनेच तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

लिलिस इमासच्या काकाची मुलगी. लहानपणी गारुतहून बांडुंगला इमासच्या घरी राहायला आली आणि तिथेच वाढली. इमासला ती तेतेह, म्हणजे ताई, म्हणायची आणि ओमानला कांग, म्हणजे दादा. इमास रियाजाला बसली की ही स्वयंपाकघरातून ऐकायची, भांडी घासताना तेच गुणगुणायची. इमासने तिला स्टेजवर आपल्या मागे उभं केलं, साथीला. इतकी वर्षं ती मागेच उभी होती. आणि गेल्या आठवड्यात लेंबांगच्या एका बड्या लग्नात ती पुढे उभी राहून गायली.

"तेतेह, त्यांनी आधी तुम्हालाच विचारलं होतं," लिलिस म्हणाली. "तुम्हीच गळ्याचं कारण सांगितलंत."

"म्हणून माझ्या जागेवर जाऊन उभी राहिलीस? माझी गाणी, माझ्या हरकती, हात हलवायची माझीच पद्धत. घरात आणून खाऊ घातलं ते काय चोरी करायला?"

लिलिसने मांडीवरच्या पुडीची घडी घट्ट केली.

"बघ, तोंडातून शब्द नाही," इमास ओमानला म्हणाली. "आणि तू काय हातावर हात ठेवून बसलायस? तुझी कोण लागते ती?"

"कोणी नाही, तेह." ओमान पडद्याकडेच बघत होता. "पण तिचा आवाज काढला तर गाणं पडेल. माझं ऐका, आहे तसं जाऊ द्या."

"पडेल? मी गात असताना?"

इमासच्या गळ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष होत आलं होतं. आता ही परत गात नाही, असं सगळे धरून चालले होते. तिने मात्र याच स्टुडिओत उभं राहून, पाणी पीत, थांबत, पुन्हा गात हे गाणं पुरं केलं. पंधरवड्याने ओमानने कच्चं मिक्सिंग घरी पाठवलं, तेव्हा ती खुर्चीत बसून रडली होती. विशीतला तिचा आवाज जसाच्या तसा परत आला होता. तिने फोन करून विचारलं, तेव्हा ओमान म्हणाला होता, "थोडी सफाई केली, तेह."

तेव्हापासून तिने ते गाणं येईल त्याला ऐकवलं होतं. लेंबांगची बातमी कळेपर्यंत.

"आणखी एक," ती म्हणाली. "माझ्या आवाजावर जो घुमारा चढवलायस तो उतरव. सगळी रंगरंगोटी काढ. माझा आवाज पुढे आण, कोरा. लोकांना कळू दे, इमासला कोणाच्या टेकूची गरज नाही."

"तेह, आपण दोघंच आधी ऐकू. मला तुम्हाला काही सांगायचंय."

"तुझं काय सांगणं असणार ते मला ठाऊक आहे. तिची बाजू घेणं. पुसतोस की दुसऱ्या स्टुडिओत जाऊ? जाताना कंपनीलाही सांगेन, या ओमानला पोरींच्या नादात गाणं ऐकू येत नाही."

ओमानचे कान लाल झाले. त्याने खुर्ची फिरवून लिलिसकडे पाहिलं.

"पुसा, कांग ओमान," लिलिस शांतपणे म्हणाली. "तेतेह म्हणतायत ना. सगळंच पुसा."

"सगळं?"

"सगळं."

त्याने तिच्या नावाच्या पट्ट्या निवडल्या. इमास त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. पट्ट्या गेल्या. मग त्याने घुमारा उतरवला आणि उरलेला आवाज वर आणला. 

"थांब, लावू नकोस." इमासने पर्समधून मोबाइल काढला, केस सारखे केले आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. बघता बघता मोबाइलच्या पडद्यावर पसंतीचे लाल बदाम उडू लागले.

"तेह, हे नको," ओमान म्हणाला. "फोन बंद करा."

तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "माझ्या माणसांनो," ती मोबाइलकडे बघून हसली, "नवं गाणं कंपनीच्याही आधी तुम्ही ऐकणार आहात. आजच एक घाण त्यातून काढून टाकलीय. लाव रे ओमान."

तंतुवाद्याचे सूर आले, त्यावर बासरी चढली. ढोलाने सम दाखवली आणि आवाज सुरू झाला.

खरखरीत, धापा टाकणारा आवाज. पहिल्या ओळीच्या शेवटी तो सुरावरून घसरला. वरच्या सुराला हात घालायला गेला आणि मध्येच फाटला. मग नुसती हवा.

इमासच्या कपाळावर आठी पडली. मग ती हसली, आधीपेक्षा मोकळं, आणि मोबाइल स्पीकरजवळ नेला.

"ऐका, नीट ऐका. हिला लोक आता लग्नात बोलावतात. इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागे उभं होतं आणि मी सांभाळून घेत होते. असा गळा घेऊन माणसाने चारचौघांत तोंड तरी उघडावं का?" मग ती ओमानकडे वळली. "एक पट्टी राहिली वाटतं तिची. तीही पुसून टाक."

ओमानने गाणं थांबवलं.  मोबाइलवर अजून बदाम उडत होते.

"लिलिसचं यात आता काहीच उरलेलं नाही, तेह," तो म्हणाला. "हा आवाज तुमचा आहे."