करवंदीमागचा भारद्वाज

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात लवू तुरुंगात गेला. त्या हिवाळ्यात त्याची आई सुंदराबाई दर रविवारी सकाळी सुनेला घेऊन शीवच्या किल्ल्याच्या टेकडीवर जायची. भारद्वाज दिसला की चांगली खबर येते, असं त्यांच्या गावाकडे मानत. सुभद्राला झाडीत हळद्या दिसायचा, शेपटी हलवणारा धोबी दिसायचा. भारद्वाज काही दिसेना. आजही परतताना तिचा चेहरा उतरला.

सुंदराबाईने तिचा दंड धरला. "थंय बघ गो. त्या करवंदीच्या मागे, तांबड्या पंखांचो."

सुभद्रा जाळीकडे बघत राहिली. मग तिने पदर सावरून हात जोडले.

"दिसलो मां?"

"दिसलो, आई."

"मगे येतलो आता लवू."

दोघी भोईवाड्यात चाळीपाशी पोचल्या. समोरच जिन्याशी काखेत बोचकं धरून एक माणूस उभा होता. सुंदराबाईने कपाळावर हात आडवा धरून डोळे बारीक केले.

"कोण गो थंय उभो आसा? माका दिसणा नाय."

नवऱ्याचं नाव सुभद्राच्या ओठांवर आलं होतं, पण ते घ्यायचं कसं?

"तुमचो भारद्वाज, आई."