तक्रारपेटीतलं अक्षर

सातवी चिठ्ठी उलगडली आणि तिचा हात थबकला. हेही अक्षर बाबांचंच.

शब्दावरची रेघ शेवटच्या अक्षराआधीच सोडून दिलेली. 'ळ' गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यासारखा. पण बाबांना जाऊन दोन महिने झाले होते, आणि कॉलेजची तक्रारपेटी दर सोमवारी उघडून रिकामी केली जात होती.

चिठ्ठीत एकच ओळ होती : 'आमच्या वर्गातला मुलगा नऊ दिवसांपासून कुठे आहे?'

चिठ्ठ्यांचं अक्षर उत्तरपत्रिकांशी ताडून लिहिणाऱ्याचं नाव वर कळवायचं, हे बाबांचं काम. सव्वीस वर्षांत त्यांना एकही नाव सापडलं नव्हतं. आता त्यांच्या खुर्चीवर ती बसत होती.

"वडिलांना कमी दिसायचं, समजू शकतो," निरीक्षकसाहेब म्हणाले. "तुमचे डोळे तर तरुण आहेत."

"सगळ्या उत्तरपत्रिका पाहिल्या, साहेब. कुणाचंच जुळत नाही."

"मग त्या मुलाच्या वर्गाला आज समोर बसवून लिहून घ्या. संध्याकाळपर्यंत एक नाव हवं. नाहीतर तुमचंच घालतो, रकाना रिकामा नको." स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले.

बाहेर शिपाईकाकांनी तिच्यापुढे चहा धरला. "ताई, तोंड उतरलंय तुमचं."

"काका, बाबा शनिवारी इथे उशिरापर्यंत काय करायचे हो?"

"पोरांना अक्षर शिकवायचे. फुकट. परीक्षेत कुणाचं सुधारलेलं दिसलं नाही, ती गोष्ट वेगळी!"

तिला हसू आलं नाही. तिचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिला काही त्यांनी कधी शेजारी बसवलं नव्हतं.

वर्गात चाळीस जण होते. तिने एक साधं वाक्य सांगितलं, त्यांनी माना खाली घालून लिहिलं. निरीक्षकसाहेब दाराला टेकून उभे होते.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने कागद पुढे केला. तिने तो हातात घेऊन पाहिला. अर्धवट रेघ. झोपलेला 'ळ'.

म्हणजे ही. एवढीशी. हिला आज घेऊन जाणार.

"काय मॅडम," दारातून आवाज आला, "मिळालं का काही?"

"बघते, साहेब."

मुलीने नजर खाली घेतली नाही. मुलीचा तो कागद कसाबसा झाकावा म्हणून तिने घाईने शेजारच्या मुलाचा उचलून त्यावर ठेवला, आणि तिला काही उमजेना. तिने पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. मग उभ्यानेच ती बाकामागून बाक चालत गेली.

चाळीसच्या चाळीस कागद बाबांच्या अक्षरात होते.